जळगावातून लाइव्हअबोर्डवर: छोटा ग्रुप घेऊन स्कुबाची ट्रिप सेफ कशी करायची

जळगावपासून मुंबईचा समुद्र चारेकशे किलोमीटर लांब, तरी दरवर्षी कोणी ना कोणी मेसेज करतंच की दादा, आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, मालदीवला ती बोट असते ना जिथं राहायचं जेवायचं झोपायचं सगळं बोटीवरच आणि रोज तिथूनच पाण्यात उड्या मारायच्या, ती कशी बुक करायची. त्या बोटीला लाइव्हअबोर्ड म्हणतात. साधारण आठवडाभराची ट्रिप असते, दिवसाला तीन, कधी चार डाइव्ह. मेसेज करणारा डेकवर जकुझी आहे का हे विचारतो, केबिनला बाल्कनी आहे का हे विचारतो, पण कोणाला त्रास झाला तर लावायचा ऑक्सिजनचा सिलिंडर कुठं ठेवलाय हे अजून एकानेही विचारलं नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकू.

आधीच सांगतो, अशा ट्रिपमधला सगळ्यात मोठा धोका शार्क नाही. धोका हा की सगळे आपलेच लोक असतात. अनोळखी लोकांत माणूस सरळ सांगतो की आज मला नाही उतरायचं. इथं सोबत मेहुणे असतात, साडू असतो, शाळेपासूनचे मित्र असतात, आणि कोणी जरा मागं सरकला की लगेच "चाल ना भो, काही नई व्हत" सुरू होतं. मग कान दुखत असला तरी गडी लाजेखातर उतरतो. त्यामुळे ग्रुप नेणाऱ्याचं खरं काम म्हणजे कोणाला, कधी आणि कसं "नाही" म्हणायचं हे घरूनच ठरवून निघणं. बाकी बुकिंग वगैरे कोणीही करतं.

माणसं

आठच्या वर जाऊ नका. एका गाईडमागे चार जण हा माझा हिशोब, म्हणजे आठ जणांना दोन गाईड, आणि आकडा सम असला की बडीच्या, म्हणजे पाण्यात एकमेकांवर लक्ष ठेवणाऱ्या दोघांच्या, जोड्या नीट लागतात. बोटीत जागा सोळा-वीस जणांची असली म्हणून नऊ-दहा नावं कोंबायची नाहीत, बाकीच्या जागा दुसऱ्या लोकांना जाऊ द्या, आपला गाईड मात्र आपल्या चौघांपुरताच राहील हे बोटवाल्याकडून लेखी घ्या.

आता पहिली भानगड. "मी स्कुबा केलंय" असं म्हणणारे दहातले बहुतेक मालवणला जाऊन आलेले असतात. तिथं इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून फिरवून आणतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढून देतो. छान अनुभव आहे, पण ते सर्टिफिकेट नाही, त्यावर लाइव्हअबोर्डवर जाता येत नाही. लागतो तो ओपन वॉटर कोर्स. त्यात १८ मीटरपर्यंत बडीसोबत स्वतः उतरायची परवानगी मिळते, त्याच्या पुढचा अॅडव्हान्स्ड केला की ३० मीटर. थिअरी घरी बसून ऑनलाइन होते, पूलचा भाग पुण्या-मुंबईला उरकता येतो, समुद्रातल्या डाइव्ह मालवण, कर्नाटकातलं मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी किंवा अंदमानातलं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, इथं करता येतात. कोर्समध्ये २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं हातापायाला आधार न घेता तरंगणं एवढी परीक्षा असते. ती घरच्या स्विमिंग टँकमध्ये आधीच घेऊन बघा, तिथं धाप लागणारा माणूस समुद्रात सुधारत नाही.

आणि कोर्स झाला की लगेच पुढच्या आठवड्यात लाइव्हअबोर्ड नको. मध्ये अंदमानला किंवा नेत्राणीला साध्या आठ-दहा डाइव्ह होऊ द्या. मालदीवमध्ये बेटांच्या मधल्या खिंडीतून पाण्याला जोरात ओढ असते, मोठे मासे तिथंच येतात म्हणून बोटीही तिथंच नेतात, आणि करंटच्या रूटसाठी बऱ्याच बोटी अॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि पन्नासेक डाइव्हची नोंद मागतात. आपला ग्रुप नवा असेल तर माले, आरी, वावू या मधल्या अॅटॉलचा (अॅटॉल म्हणजे प्रवाळबेटांची गोल माळ) सोपा रूट घ्या आणि करंटच्या डाइव्ह ऐच्छिक ठेवा.

आपल्याकडचे पट्टीचे पोहणारे, त्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. विहिरीत वरून मुटका मारणारे, तळाची माती हातात घेऊन वर येणारे, गिरणेच्या पाटात लहानपण गेलेले. ह्यांना पाण्याची भीती नाही ही चांगली गोष्ट, पण ह्यांची सवय एकच, पाण्याखाली गेलं की दम कोंडायचा. स्कुबात पहिला नियमच हा की दम कधीच कोंडायचा नाही. कारण साधं आहे. विहिरीत तुम्ही वरची हवा घेऊन खाली जाता, ती खाली दबते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. स्कुबात तुम्ही खालीच, १० मीटरवर, तिथल्या दुप्पट दाबाची हवा छातीत भरता. ती कोंडून वर आलात तर वर येईस्तोवर तिला दुप्पट जागा लागते आणि फुफ्फुस फाटू शकतं. त्याला फार खोली पण लागत नाही, पूलमध्येही होऊ शकतं. त्यामुळे भीती वाटणाऱ्या नवशिक्यापेक्षा मी ह्या पट्टीच्या पोहणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवतो. पूलमध्ये त्यांना रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा ज्यातून घेतात तो, तोंडातून काढायला लावायचा आणि तो परत तोंडात येईपर्यंत बारीक बुडबुडे सोडत राहायला सांगायचं. बुडबुडे थांबले की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळतात, चिडतात, तरी करून घ्या.

डॉक्टर

प्रत्येक डायव्हरला मेडिकल फॉर्म भरावा लागतो, दमा, हृदय, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, बीपी, शुगर, गरोदरपण असं सगळं त्यात विचारतात, ४५ च्या वरच्यांना अजून थोडे प्रश्न असतात. एका जरी महत्त्वाच्या प्रश्नाला हो असेल तर डॉक्टरची सही लागते. आपले लोक काय करतात, सगळीकडे "नाही" टिक करून मोकळे होतात, कारण पैसे भरून झालेले असतात. म्हणून फॉर्म पैसे घ्यायच्या आधी भरून घ्या, आणि ग्रुपवर टाकायला सांगू नका, एकेकाकडून वेगळा घ्या. बायकोला माहीत नसलेली बीपीची गोळी ग्रुपवर कोण लिहील?

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल, ह्या सातपुड्याच्या पट्ट्यातून कोणी येत असेल तर सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीय का ते विचारा. हे परदेशी बोटवाला विचारेलच असं नाही, आपल्याला माहीत असायला पाहिजे. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला मी नेत नाही, आणि जो फक्त वाहक आहे त्यानेही डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

इन्शुरन्सचं एका ओळीत: नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कुबा आहे का, किती मीटरपर्यंत आहे ते वाचा, नसेल तर डायव्हरसाठीचा वेगळा घ्या, त्यात चेंबरचा (डायव्हरला त्रास झाला तर उपचारासाठी ठेवतात ती दाबाची खोली) आणि तिथपर्यंत नेण्याचा खर्च धरलेला पाहिजे.

बोट बघताना

बोटवाल्याला मेल करून हे विचारायचं, आणि उत्तर टाळलं तर दुसरी बोट बघायची.

रात्री सगळे झोपलेले असताना कोणी जागा राहून फेरी मारतो का? हा प्रश्न सगळ्यात आधी. २ सप्टेंबर २०१९ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशी कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली, खालच्या बंकरूममध्ये झोपलेले ३३ प्रवासी आणि एक क्रू असे ३४ जण गेले. चौकशीत निघालं की रात्रीचा पहारा कोणी देत नव्हतं. आणि दुसरं वाईट म्हणजे खालून वर यायला जिना आणि इमर्जन्सीचं झाकण असे दोन रस्ते होते, पण दोन्ही वरच्या एकाच हॉलमध्ये निघत होते, आणि तोच हॉल पेटला होता. आग नेमकी कशाने लागली ते ठरवता आलं नाही. कॅप्टनला पुढे शिक्षा झाली. म्हणून दुसरा प्रश्न, केबिनमधून बाहेर पडायला दोन रस्ते आहेत का आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी निघतात का? खालच्या मजल्यावरची केबिन स्वस्त असते, ती घ्यायला हरकत नाही, पण हे विचारूनच.

तिसरा, ऑक्सिजन. "आहे" हे उत्तर चालत नाही. किती लिटरचा, किती बार (बार म्हणजे आतल्या दाबाचं माप) भरलेला, आणि मोठ्या बोटीसोबतच डायव्हिंगच्या छोट्या बोटीवर पण आहे का? मालदीवमध्ये डायव्हिंगला बहुतेक वेळा वेगळी धोनी, म्हणजे तिथली छोटी बोट, असते, सगळा सामान तिच्यावर असतो, आणि माणूस पाण्यातून वर येतो तो तिच्यावर. हिशोब सोपा आहे, सिलिंडरची लिटर गुणिले बार. १० लिटरचा सिलिंडर १५० बार भरलेला असेल तर १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १५ लिटरने सोडला तर १०० मिनिटं पुरतो. आता नकाशा काढा आणि बघा की रूटवरच्या सगळ्यात लांबच्या जागेवरून मदत मिळेल अशा ठिकाणी १०० मिनिटांत पोचता येतं का. नसेल पोचता येत तर एक सिलिंडर कमी आहे. डीकंप्रेशनचा त्रास, म्हणजे खाली अंगात साठलेल्या नायट्रोजनचे वर येताना दाब कमी होऊन बुडबुडे होणं, झाला तर रिकंप्रेशन चेंबर लागतो, मालदीवमध्ये मालेजवळ बांडोस बेटावर आहे, तो आत्ता चालू आहे का हे निघायच्या आठवड्यात फोन करून विचारून घ्या.

बाकी लाइफ राफ्ट, रेडिओ, सॅटेलाइट फोन, बोटीचं इन्स्पेक्शन कधी झालं, हे सगळं विचाराच. नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तच्या लाल समुद्रात सी स्टोरी नावाची लाइव्हअबोर्ड पहाटे बुडाली, फोटोत तीही झकपकच दिसायची.

महिन्याचं म्हणाल तर जानेवारी ते एप्रिल मालदीवला समुद्र शांत असतो, त्यातला फेब्रुवारी आपल्याला सोयीचा, कापूस बहुतेकांचा विकून झालेला असतो आणि लग्नसराई अजून तापलेली नसते. मुंबईला रात्रीच्या ट्रेनने जाऊन त्याच दिवशी विमान आणि त्याच संध्याकाळी बोट अशी घाई करू नका. एक मुक्काम मध्ये टाका, झोप न झालेला माणूस पहिल्याच डाइव्हला त्रास देतो. मालदीवला दारू नेता येत नाही, कस्टमवाले काढून घेतात, हे ग्रुपमधल्या त्या एका माणसाला दोनदा सांगा.

बोटीवर पहिला दिवस

सामान केबिनमध्ये टाकलं की लोकं छतावर फोटो काढायला पळतात. पळू द्या, पण अंधार पडायच्या आत सगळ्यांना खाली बोलवा आणि हे करा. प्रत्येकाने आपल्या बेडवर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, आणि हाताने भिंत चाचपत उघड्या डेकवर यायचं. एकदा ह्या रस्त्याने, एकदा त्या. काहीजण हसतात. पण कोणाचा हात दाराच्या कडीवर अडतो, कोणाला झाकणाची खिटी वर आहे की खाली हेच माहीत नसतं, कोणाच्या पायात स्वतःचीच बॅग येते. हे सगळं उजेडात कळलेलं बरं. मग लाइफ जॅकेट घालून दाखवायचं, प्रत्येकाने.

त्यानंतर ऑक्सिजनची पेटी उघडायला लावायची. बंद पेटीवरचा हिरवा स्टिकर बघून समाधान मानू नका. एका बोटीवर मी पेटी उघडायला सांगितली तर काटा शून्यावर होता आणि मास्कची रबरी नळी उन्हाने चिरलेली, बोटवाल्याने दुसरी मागवेपर्यंत आम्ही जेटीवरून हललो नाही. अर्धा दिवस गेला, ग्रुपमध्ये दोघं रागावले, ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी पहिली डाइव्ह ही चेक डाइव्हच असली पाहिजे. उथळ, करंट नसलेली जागा. खाली राहायला कमरेला वजन किती बांधावं लागतं ते इथंच ठरतं, कारण पूलच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्रात जास्त लागतं. मास्कमध्ये पाणी घेऊन काढणं, बडीचा जास्तीचा रेग्युलेटर घेऊन श्वास घेणं, आणि खाली दोन-तीन मिनिटं हात न हलवता एका जागी तरंगून राहणं. हे तिसरं ज्याला जमत नाही त्याला खोल नेऊ नका, तो वरखाली होत राहतो आणि हवा दुप्पट पितो.

रोजची डाइव्ह

ब्रीफिंगला सगळे हजर, मोबाइल बाजूला. गाईड इंग्लिशमध्ये सांगतो, आपल्यातल्या निम्म्यांना समजत नाही आणि ते मान डोलवतात. म्हणून ब्रीफिंग झालं की मी तेच पुन्हा मराठीत सांगतो आणि एकाला उलट विचारतो, सांग बरं किती मीटर, किती बारला सांगायचं, बडी हरवला तर काय. त्याला सांगता आलं तर उतरायचं.

आकडे सगळ्यांना तोंडपाठ पाहिजेत. सिलिंडर साधारण २०० बार भरलेला. १०० झाला की गाईडला खूण. ५० बार हातात ठेवून वर. मालदीवच्या नियमाने ३० मीटरच्या खाली जायचं नाही, आणि ग्रुपमध्ये एक जरी ओपन वॉटरवाला असेल तर त्या चौघांची मर्यादा १८. इथंच वाद होतो, कारण अॅडव्हान्स्डवाल्याला वाटतं माझे पैसे वाया चालले. ते टाळायचं असेल तर चौकडी सारख्या सर्टिफिकेटची करा, नात्यागोत्याची नको. नवरा-बायकोला एकत्र बडी करावंच असंही नाही, बऱ्याचदा खाली ते एकमेकांवर चिडतात आणि हवा संपवतात.

दिवसातली सगळ्यात खोल डाइव्ह पहिली, पुढच्या उथळ. डाइव्ह कॉम्प्युटर प्रत्येकाचा स्वतःचा, आणि आठवडाभर तोच. दोघांत एक चालत नाही, कारण कोणाच्या अंगात किती नायट्रोजन साठलाय ते त्या मनगटावरच्या मशीनला माहीत असतं आणि सकाळी ते दुसऱ्याच्या मनगटावर असेल तर संध्याकाळचा आकडा खोटा. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, रोज, प्रत्येक वेळी, मासा दिसो न दिसो. बोटीवर नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, मिळत असेल तर ज्यांनी त्याचा कोर्स केलाय त्यांनीच घ्यावा, आणि आपला सिलिंडर आपण स्वतः मीटर लावून तपासून वहीत सही करायची, दुसऱ्याला "माझा पण बघ रे" सांगायचं नाही.

बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट इकडंतिकडं बघायचं, मग दोघांनी आपापलं सावकाश वर यायचं. वर आलं की नारंगी फुग्याचा लांब एसएमबी उभा करायचा, शिट्टी वाजवायची. लाटांमध्ये माणसाचं डोकं दोनशे मीटरवरून नारळासारखं पण दिसत नाही. एसएमबी, शिट्टी आणि छोटा टॉर्च प्रत्येकाच्या खिशात, गाईडकडे एक असून भागत नाही.

कान. खाली जाताना पहिल्या १० मीटरातच दाब दुप्पट होतो, म्हणून कान दुखायच्या आधीच, दर मीटरला, नाक धरून हलकी हवा मारायची. नाही मोकळा झाला तर एक मीटर वर यायचं. तरी नाही, तर डाइव्ह रद्द. सर्दीची गोळी घेऊन उतरणं नको, गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना हवा अडकते.

आता तो मुख्य नियम. कोणीही, कधीही, अंगठा वर करून डाइव्ह संपवू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही. पाण्यात नाही, बोटीवर नाही, जेवताना चेष्टेत पण नाही. हे पहिल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलायचं. पण नुसतं बोलून आपले लोक ऐकत नाहीत, म्हणून मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक डाइव्ह स्वतः सोडतो, सगळं ठीक असताना. आज मी वर बसतो म्हणायचं आणि चहा घ्यायचा. ज्याला लाज वाटत होती तो दुसऱ्या दिवशी आपोआप बोलतो.

डाइव्ह संपल्यावर हजेरी. डोकी मोजायची नाहीत. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका अमेरिकन जोडप्याला बोट समुद्रातच सोडून परत निघून गेली, लक्षात आलं ते दोन दिवसांनी, आणि ती माणसं कधी सापडली नाहीत. कागदावर नावं लिहायची, नाव घ्यायचं, आणि त्यानेच तोंडाने हो म्हणायचं. "तो बाथरूममध्ये आहे भो" हे चालत नाही. बाहेर येऊन तोंड दाखव, मग इंजिन सुरू.

जेवण आणि रात्र

शाकाहारी किती, कांदा-लसूण न खाणारे किती, हे महिनाभर आधी लेखी कळवा. ठेचा, शेव, कळण्याच्या पिठाच्या पिशव्या न्या, आचारी हौसेने भाकरी शिकतात. फक्त शेवभाजीचा तर्रीवाला बेत शेवटच्या दिवशी ठेवा, हलत्या बोटीत सकाळच्या डाइव्हआधी तो कोणालाही झेपत नाही. बोट लागत असेल तर गोळी बोट हलायच्या आधी घ्यायची, कोणती ते डॉक्टरला विचारून, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते. आणि पाणी प्या, आपल्याला ४५ डिग्रीची सवय असल्यामुळे तिथल्या वाऱ्यात तहान लागलेली कळतच नाही.

चार्जिंग दिवसाच, ठरलेल्या टेबलावर, कोणीतरी समोर असताना. कॅमेरा, टॉर्च, पॉवर बँक, काहीच रात्री केबिनमध्ये गादीवर लावून झोपायचं नाही. रात्री अकराला मी स्वतः एक चक्कर मारून प्लग काढतो, पोरं शिव्या देतात.

परतताना

उंचावर हवेचा दाब कमी होतो, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला निदान १८ तास पाहिजेत, मी २४ धरतो. म्हणून शेवटचा दिवस कोरडाच, कोणी कितीही म्हटलं की सकाळची एक तर होऊन जाईल. विमानाचं आता बऱ्याच जणांना माहीत असतं, घाटाचं नसतं. मालवण किंवा नेत्राणीला सरावाला गेलात आणि दुपारी डाइव्ह करून संध्याकाळीच गाडी काढली तर फोंडा, गगनबावडा, आंबोली, कुठूनही वर चढलात तरी सहाशे मीटरच्या आसपास जाता, आणि पुढे कोल्हापूर-पुणे पण उंचावरच. डायव्हिंगमध्ये ३०० मीटरच्या वर उंची धरतात. म्हणजे ड्रायव्हर कितीही ताजातवाना असला तरी तो मुक्काम खालीच.

घरी आल्यावर दोन दिवस ग्रुप चालू ठेवा. खांदा किंवा कोपर दुखणं, मुंग्या येणं, पाय जड वाटणं, चक्कर, कातडीवर निळसर-लाल जाळी, किंवा नुसताच न जाणारा थकवा, असं काही कोणाला वाटलं तर लगेच फोन करायला सांगा. जळगाव-धुळ्यात ह्या तक्रारी घेऊन गेलात तर डॉक्टर मणक्याचा एक्सरे काढायला सांगेल, त्यात त्याची चूक नाही, रोज त्याच्यासमोर स्लिप डिस्कच येते. म्हणून आत शिरल्या शिरल्या "मी परवा समुद्रात इतक्या मीटरवर होतो" हे सांगायचं, कॉम्प्युटर सोबत न्यायचा, ऑक्सिजन लावायला सांगायचा, आणि तिथूनच डायव्हिंग इन्शुरन्सच्या हेल्पलाइनला फोन लावून डॉक्टरच्या हातात द्यायचा. आपल्याला जवळचा चेंबर मुंबईला, कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलमध्ये आहे. तिकडं निघायच्या आधी फोन करूनच निघा, आणि गाडीत बसला की माणूस आडवा, ऑक्सिजन चालू.